मेरिलिनचे अश्रू दिसले, कर्तृत्व कुठे आहे?

वर्षातील टाकाऊ चित्रपटांची टर उडवणाऱ्या रॅझी पुरस्कारांत ११ मार्च २०२३ रोजी ‘ब्लॉन्ड’ सर्वांत वाईट चित्रपट ठरला. सर्वांत वाईट पटकथेचा शिक्काही त्याच्यावरच बसला. दुसऱ्याच दिवशी झालेल्या ऑस्कर सोहळ्यात याच चित्रपटात मेरिलिन मन्रो साकारणारी आना दे आर्मास सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकितांत होती. अभिनेत्रीचे कौतुक आणि चित्रपटाचा धिक्कार, असा हा दुहेरी कौल वरवर विसंगत वाटला, तरी त्यामागे एक सूत्र आहे.

अँड्र्यू डॉमिनिक दिग्दर्शित हा चित्रपट सप्टेंबर २०२२मध्ये व्हेनिस महोत्सवात आणि त्यानंतर नेटफ्लिक्सवर आला. त्याचा आधार जॉइस कॅरल ओट्स यांची २०००मधील कादंबरी. त्यामुळे हे चरित्र नसून एका स्त्रीचे दुःस्वप्न आहे, चित्रपटव्यवसायाचे क्रौर्य उघडे पाडणे हाच त्याचा हेतू आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मात्र पात्राचे नाव खरे, चेहरा ओळखीचा आणि व्यक्ती हयात नसेल, तर कल्पनास्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही येते.

समीक्षकांचा मुख्य आक्षेप नेमका येथेच आहे. पावणेतीन तासांच्या चित्रपटात मेरिलिन रडते, मार खाते, अत्याचार सोसते. गर्भातील अर्भक तिच्याशी बोलते, हे दृश्य तर गर्भपातविरोधी प्रचाराला बळ देणारे असल्याची टीका झाली. पण बलाढ्य फॉक्स स्टुडिओशी झुंजून स्वतःची निर्मितीसंस्था उभारणारी, ली स्ट्रासबर्ग यांच्याकडे अभिनयाचे धडे घेणारी, विनोदाचे अचूक भान असलेली मेरिलिन या चित्रपटात हरवली आहे. वयाच्या ३६व्या वर्षी संपलेल्या आयुष्यातून दुःख तेवढे वेचले आणि श्रम वगळले, तर करुणेच्या नावाखाली त्या स्त्रीचे पुन्हा प्रदर्शनच मांडले जाते.

मराठी वाचकाला येथे श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) आठवणे स्वाभाविक आहे. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या त्या हिंदी चित्रपटातही शोषण आहे, व्यसन आहे, एकाकीपण आहे. तरीही स्मिता पाटील यांनी साकारलेली नायिका निर्णय घेते, चुकते, संतापते आणि घराबाहेर पडते. त्या चित्रपटाच्या मुळाशी त्या स्त्रीचे स्वतःचे बोल होते. अभिनय आणि पटकथा या दोन्हींसाठी ‘भूमिका’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; तेथे अभिनेत्री आणि चित्रपट यांच्याविषयी वेगळे कौल द्यावे लागले नाहीत.

‘ब्लॉन्ड’च्या वाट्याला आलेली टीका म्हणजे केवळ एका चित्रपटाची हजेरी नव्हे. कलावंत स्त्रीच्या यातना दाखवण्यास कोणाचीच हरकत नाही. मात्र त्या सोसतानाही तिने काय उभे केले, हे सांगितल्याखेरीज तिची कथा पूर्ण होत नाही.