मेंदीने धर्म बुडतो?
लग्न ठरलं की कोणीतरी म्हणतंच, “मेंदी कशाला? ते हिंदूंचं.” कोकणात आपले वाडवडील शनवार तेली म्हणवले गेले. त्यांनी घाणा चालवला, शब्बाथ पाळला आणि नवरीला मेंदीही लावली. म्हणून केतुबाशिवाय लग्नं लागली का? आमची हयात नर्सिंगमध्ये गेली; मेंदीने हात रंगतो, रक्त बदलत नाही.

याच इस्राएलात आपल्या लग्नांसाठी वंशाची चौकशी मागितली होती. आपली माणसं जेरुसलेमात धरणं धरून बसली, १९६४ साली बरोबरीचा मान मिळाला. तो काय नातवंडांनी मेंदीची लाज बाळगावी म्हणून?

पोहे भिजवा, नारळ खोवा, मलिद्याचं ताट मांडा, एलियाहू हन्नाबीचं नाव घ्या. हे आपलंच आहे.