शिवराय छातीवर की छातीत?

शिवजयंती जवळ आली की जालना, अंबड, भोकरदनच्या बाजारपेठांत भगव्या टी-शर्टांची तोरणे लागतात. बहुतेक माल छापील. क्वचित एखादा पेंटर एअरब्रश घेऊन बसतो आणि मागणीप्रमाणे जिरेटोप, वाघनखे वा महाराजांची संपूर्ण मुद्रा कापडावर उतरवून देतो. कवट्या आणि स्वतःलाही न कळणारी इंग्रजी वाक्ये मिरवणाऱ्या तरुणाने महाराजांना जवळ केले, याचा आनंद कोणाही राष्ट्रभक्ताला होईल. तथापि एक कटू प्रश्न विचारलाच पाहिजे : आपण महाराजांना जवळ करतो आहोत, की त्यांचा माल करतो आहोत?

या प्रश्नाचे उत्तर दूर क्यूबात आहे. 5 मार्च 1960 रोजी हवाना येथे आल्बेर्तो कोर्दा या छायाचित्रकाराने चे गव्हेराचे एक छायाचित्र टिपले. 1967 मध्ये चे बोलिव्हियात मारला गेला आणि भांडवलशाहीविरुद्ध बंदूक उचलणारा हा साम्यवादी भांडवलशाहीच्याच दुकानात टी-शर्ट, टोपी आणि कप होऊन विकला जाऊ लागला. 2000 साली तर त्याचा चेहरा व्होडकाच्या जाहिरातीत झळकला आणि कोर्दाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. चेहरा घरोघरी पोहोचला. विचार मात्र कोणाच्या गावी नाही! डाव्यांच्या या फजितीवर आपण मनसोक्त हसलो. उद्या तीच पाळी आपल्यावर आली तर हसणार कोण?

जी मुद्रा आपण देवघराशेजारी आदराने लावतो, तीच घामाने भिजते, बादलीत बुडते, पिळली जाते आणि कापड विटले की दुचाकी पुसण्याच्या कामी येते. राष्ट्रध्वजाच्या बाबतीत 1971 च्या कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली. कमरेखालच्या वेषात तो वापरणे, उशीवर वा हातरुमालावर तो छापणे हा अवमान ठरला. महाराजांच्या मुद्रेसाठी कायद्याची वाट कशाला पाहायची? समाजाचे भान पुरेसे आहे.

‘मग गरीब कलावंताच्या पोटावर पाय देणार का?’ असा सवाल तथाकथित पुरोगामी करतील. मुळीच नाही. फ्लेक्सच्या लाटेत गावोगावच्या पाट्या रंगवणाऱ्यांचा कुंचला हातून गेला, तेव्हा हे कैवारी कोठे होते? एअरब्रशमध्ये हवेच्या दाबाने रंगाचे धुके होते, छटा हळूहळू चढते, मग इस्त्रीच्या उष्णतेने रंग पक्का होतो. एका नगाला तास न् तास लागतात आणि दोन नग कधीच सारखे होत नाहीत. त्या कष्टाचा भाव आपणच छापील मालाशी तोलून पाडतो. कापूस पिकवायचा जालन्याच्या काळ्या रानाने, टी-शर्ट यायचा तिरुपूरहून आणि नक्षी काढणाऱ्या स्थानिक हाताला मात्र काम नाही, ही कसली स्वदेशी?

त्या हाताला काम द्यायचे तर विषय जालन्याच्याच मातीत आहे. 1679 च्या नोव्हेंबरात महाराजांनी जालन्यावर स्वारी केली; ती त्यांची अखेरची मोठी मोहीम. परतताना मोगलांनी संगमनेरजवळ गाठले. सिधोजी निंबाळकर तेथे धारातीर्थी पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने सैन्य पट्टागडावर पोहोचवले आणि तो गड ‘विश्रामगड’ झाला. टी-शर्टावर महाराज मिरवणाऱ्या किती जालनेकरांना हे ठाऊक आहे? रंगवा तो गड, ती आडवाट, सिधोजींची तलवार. पाहणारा विचारील, ‘हे काय आहे?’ आणि सांगता येण्यासाठी तरी इतिहास वाचावा लागेल.

दुकानापुढे घोषणा देऊन आणि माल फेकून हा प्रश्न सुटणार नाही. मंडळांनी आणि कुटुंबांनी ठरवावे : कपड्यावर महाराजांची मुद्रा घालणार नाही, त्यांचा पराक्रम सांगणारे चित्र गावच्या कलावंताकडून, पूर्ण मोबदला देऊन रंगवून घेऊ. मुद्रेचे स्थान देवघराशेजारी, आणि महाराजांचे स्थान छातीच्या आत.