रद्दीतली पॉलिसी

संपादक महोदय,


अमेरिकेतल्या प्रदूषित जागांच्या सफाईवरचा गेल्या अंकातला लेख वाचला. लेखकाची तक्रार अशी, की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या विमा पॉलिसी उकरून आज विमा कंपन्यांकडून सफाईचा खर्च वसूल करणं ही वकिलांनी काढलेली पळवाट आहे आणि तिच्यामुळे प्रदूषण करणारे नामानिराळे राहतात. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं अशाच दाव्यांच्या फायली हाताळल्या, त्याही विमा कंपनीच्या बाजूने. म्हणजे लेखक ज्यांची कड घेताहेत त्यांचंच मीठ मी खाल्लंय. तरी ही तक्रार मला पटत नाही.

आपली मोटारीची पॉलिसी 31 मार्चला संपली, की पुढच्या अपघाताशी तिचा संबंध उरत नाही. पण 31 मार्चच्या आत झालेल्या अपघाताचा दावा नंतर आला, म्हणून कंपनी हात झटकू शकते का? जुन्या अमेरिकी जबाबदारी विम्याचं तत्त्व हेच. 1966 च्या नमुना पॉलिसीत ‘घटना’ या शब्दात एकदाच होणारा अपघात तर होताच, शिवाय अपायकारक परिस्थितीशी येणारा संपर्कही होता. नुकसान पॉलिसीच्या वर्षात झालेलं हवं आणि ते विमाधारकाने अपेक्षिलेलं वा मुद्दाम केलेलं नसावं, एवढीच अट. ते उघडकीला कधी यावं याला मुदत नव्हती. 1968 साली टाकीतून झिरपायला लागलेलं रसायन 1990 मध्ये शेजाऱ्याच्या विहिरीत सापडलं, तर दावा 1968 च्या पॉलिसीवरही लागतो. हा मसुदा काही ग्राहकाने लिहिला नव्हता. शब्द कंपन्यांचे, हप्ताही त्यांनीच ठरवलेला.

प्रदूषित जागांच्या सफाईचा 1980 चा ‘सुपरफंड’ कायदा मागच्या कृत्यांनाही लागू झाला, तो कंपन्यांनी कसा ओळखावा, असं लेखक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उद्या कायदा आपल्याला कशासाठी जबाबदार धरेल हे माहीत नसतं, म्हणून तर माणूस जबाबदारीचा विमा उतरवतो.

आणि कंपन्या इतक्याही भाबड्या नव्हत्या. 1970 मध्येच त्यांनी नवं पोटकलम आणलं: प्रदूषण ‘अचानक आणि अपघाती’ असेल तरच भरपाई. राज्यांच्या विमा नियंत्रकांकडे मंजुरी मागताना मात्र सांगितलं, की यात नवं काही नाही, आहे तेच स्पष्ट केलंय. पुढे दावे आले तेव्हा त्याच पोटकलमाच्या आधारे, हळूहळू झिरपलेल्या कशाचीही जबाबदारी आमची नाही, असा पवित्रा घेतला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये मॉर्टन इंटरनॅशनल या रसायन कंपनीच्या खटल्यात हा दुटप्पीपणा चालू दिला नाही. नियंत्रकांना एक आणि न्यायालयाला दुसरं सांगता येणार नाही, असं बजावलं. सगळ्या राज्यांनी हे मानलं नाही, हेही खरं. पण त्या निकालाची दुसरी बाजू लेखकाने जरूर वाचावी. खटला बर्गन काउंटीतल्या बेरीज क्रीक या ओढ्यात गेलेल्या पाऱ्याचा होता. कारखान्याला त्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी येत होत्या, तरी प्रदूषण थांबलं नाही. म्हणून त्याच न्यायालयाने मॉर्टनलाही विम्याचे पैसे नाकारले. जाणूनबुजून घाण करणारा विम्याआड लपतो, हा लेखातला मुख्य आरोप इथेच ढिला पडतो.

हे दावे पेलणं अवघड गेलं ते लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराला. 1988 ते 1992 या काळात त्या बाजाराचा तोटा सुमारे 8 अब्ज पौंडांवर गेला. त्यात ॲस्बेस्टॉस आणि अमेरिकेतल्या प्रदूषणाचा वाटा मोठा होता. घरदार पणाला लावून बसलेले वैयक्तिक भांडवलदार त्यात धुतले गेले. त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण त्यांना बुडवलं ते वीस-वीस वर्षं हप्ते घेताना पुढच्या दाव्यांसाठी पुरेसं बाजूला न ठेवणाऱ्यांनी. घेतल्या हप्त्याला जागण्याची वेळ आल्यावर ग्राहकाला लबाड ठरवण्यात काय अर्थ?

शिवाय हा ग्राहक दर वेळी बडा कारखानदार नसतो. माझ्या एका स्नेह्यांनी 1976 मध्ये इथे ड्रायक्लीनिंगचं दुकान काढलं. कपडे धुण्याचं ‘पर्क’ तेव्हा सगळेच वापरायचे. ते फरशीखालून भूजलात उतरतं, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं. स्वतःच्या ताब्यातल्या जागेची माती साफ करायला अशी पॉलिसी सहसा पैसे देत नाही. भूजल मात्र एकट्याच्या मालकीचं नसतं, त्याचं नुकसान ते दुसऱ्याचं नुकसान ठरू शकतं. पण पॉलिसी कुठे होती? दुकान विकताना वहिनींनी सगळे कागद रद्दीत घातले होते आणि विमा एजंट केव्हाच वारला होता. शेवटी जागामालकाच्या भाडेकराराच्या फायलीत विम्याचा एक दाखला निघाला, त्यावर पॉलिसीचा नंबर. त्या एका पिवळ्या कागदावर पुढची चार वर्षं पत्रव्यवहार चालला. खर्चाचा काही भाग मिळाला, काही त्यांच्या म्हातारपणाच्या शिलकीतून गेला.

कंपन्यांनी द्यायचं नाही, तर मग कुणी? भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन विषारी कचरा दुर्घटनेला चाळीस वर्षं उलटल्यावर, जानेवारी 2025 मध्ये पिथमपूरला हलवला गेला. त्याच्या विल्हेवाटीसाठीचे 126 कोटी रुपये केंद्र सरकारने दिले, म्हणजे तुम्ही-आम्ही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

खरी अडचण लेखात आलीच नाही. पॉलिसी होती हे सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर. दप्तर मात्र कंपनीच्या गोदामात. ब्रिटनमध्ये कामगारांसाठी 2011 मध्ये शोध कार्यालय सुरू झालं. जुन्या मालकाचा विमा कोणाकडे होता, हे आजारी कामगाराला तिथे शोधता येतं. ओरेगनसारख्या राज्याने हरवलेल्या पॉलिसीची कसून चौकशी करणं कायद्याने कंपन्यांवर टाकलंय. न्यू जर्सीत मात्र लोक अजून माळ्यावरची खोकी उपसताहेत. लेखकाने पुढचा लेख त्यावर लिहावा, ही विनंती. फायलींच्या गोदामात काय काय पडून असतं, ते मी त्यांना आनंदाने सांगेन.

आपला,
एक निवृत्त क्लेम्स कर्मचारी
एडिसन, न्यू जर्सी