तोंडी तगादा व लेखी पावती

आमच्या सभासदांपैकीं ज्यांच्या घरीं फोन आहे (आणि तो नाहीं असें घर आतां कृष्णाकांठीं सांपडणें कठीण) त्यांतील पुष्कळांस अलीकडे एक विशिष्ट प्रकारचा तगादा ऐकावा लागला असेल. बोलणारा अपरिचित असतो, पण तो आपलें पूर्ण नांव घेऊन बोलतो. "अमुक बँकेच्या कायदा विभागांतून बोलतों. तुमच्या नांवावर इतकी थकबाकी आहे. आज सायंकाळीं पांचपर्यंत एवढी रक्कम या क्रमांकावर पाठवा. नाहींतर उद्यां जप्तीचा हुकूम निघेल, पोलीस दारांत येतील आणि जामीनदारांनाहि नोटिसा जातील." आवाजांत अधिकार असतो, मागें कचेरीची गडबड ऐकूं येते, आणि मध्येंच दुसरे कोणी "साहेब" येऊन पहिल्यापेक्षां चढ्या स्वरांत बोलूं लागतात. ऐकणाराचा हात कांपतो. त्यानें खरोखरच कर्ज काढलेलें असेल तर अधिकच कांपतो.

या ठगीविषयीं "सावध राहा" असा इशारा वर्तमानपत्रांतून वारंवार येतो. तो चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे असें आमचें मत आहे. खोट्या बोलण्यापासून सावध राहावें म्हणावें, तर यांतील निम्मेंअधिक बोलणें खरें असतें, आणि शेतकरी फसतो तो त्या खऱ्या भागामुळेंच.

समजा, कऱ्हाड तालुक्यांतील एका ऊसवाल्यानें गांवच्या विकास सेवा सोसायटीकडून पीककर्ज घेतलें आहे, व पाइपलाइनीसाठीं बँकेचें मध्यम मुदतीचें कर्जहि त्याच्या अंगावर आहे. त्याचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येतो, आणि कर्जाचा बोजा चढलेला असला तर संस्थेचें नांव व रक्कम 'इतर हक्क' या रकान्यांत लिहिलेली असते. म्हणजे गट नंबर, खातेदारांचीं नांवें, बँक आणि रक्कम, एवढें सारें परमुलखांत बसलेल्या मनुष्यास घरबसल्या कळतें. ज्यांनीं फोनवरून झटपट कर्ज देणारें एखादें ॲप कधीं उतरवून घेतलें असेल, त्यांच्या नातलगांचे क्रमांक व घरचीं छायाचित्रेंहि परहस्तगत झालीं असण्याचा संभव असतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटानें २०२१ सालच्या अहवालांत कर्ज देणारीं सुमारें ११०० ॲपें पाहिलीं व त्यांपैकीं सुमारें ६०० बेकायदेशीर ठरविलीं होतीं. सातबारा उघडा असणें हें शेतकऱ्याच्या हिताचेंच आहे. एका उताऱ्यासाठीं घातलेले हेलपाटे ज्यांना आठवतात, ते तो पुन्हां झांकून ठेवा असें म्हणणार नाहींत. परंतु त्यावरून एवढें तरी समजून घ्यावें कीं, आपलें कर्ज कोणास ठाऊक असणें ही आतां अधिकाराची खूण राहिलेली नाहीं. कर्ज जाणणारा निराळा आणि तें वसूल करण्याचा अधिकारी निराळा.

ठगाचें दुसरें भांडवल म्हणजे आपली अब्रू. "प्रकरण गुप्त आहे, घरांत कोणास सांगूं नका" असें तो हटकून बजावतो. आडसाली उसाच्या लागणीस आज पैसा घालावा आणि सोळा-अठरा महिन्यांनीं तो परत यावा, अशा धंद्यांत मधले दिवस कर्जावांचून कसे निघावे? कर्जांत लाजेचें असें कांहींच नाहीं. तथापि आपलें नांव थकबाकीदारांच्या यादींत चावडीवर वाचलें जाईल या नुसत्या कल्पनेनें भला मनुष्य मुलालाहि न सांगतां पैसे पाठवून मोकळा होतो. जामीनदाराची स्थिति तर याहून अवघड. आमच्या भागांत पतसंस्थांचा विस्तार मोठा असल्यामुळें कोणी ना कोणी कोणाला तरी जामीन असतोच, आणि "ज्याला तुम्ही जामीन राहिलांत तो फरारी आहे" असें ऐकलें कीं, तो त्या गृहस्थास विचारावयासहि संकोचतो.

हें केवळ खेडवळ अज्ञानाचें फळ आहे असें शहरांतील कांहीं विद्वान् समजतात. त्यांनीं मीरा रोडचें प्रकरण आठवावें. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणें पोलिसांनीं तेथें छापे घातले, तेव्हां शेकडों तरुण मुलेंमुली अमेरिकेंतील लोकांस फोन लावण्याच्या कामावर असलेलीं आढळलीं. "आम्ही प्राप्तिकर खात्यांतून बोलतों, तुमचा कर थकला आहे, आज भरला नाहीं तर अटक होईल" असा लिहून दिलेला मजकूर तीं वाचून दाखवीत, आणि पैसे दुकानांत विकत मिळणाऱ्या भेटकार्डांच्या क्रमांकांच्या रूपानें घेतले जात. याच जातीच्या दुसऱ्या एका जाळ्याचें मूळ अहमदाबादेस होतें. त्याच्या खटल्यांत जुलै २०१८ मध्यें अमेरिकेंतील न्यायालयानें २१ जणांस शिक्षा दिल्या, त्यांतील सर्वांत मोठी २० वर्षांची होती. फसलेले लोक लिहिणारे-वाचणारे होते. त्यांच्या देशांत १९७७ पासून असा कायदा आहे कीं, कर्जवसुली करणाऱ्या कंपनीनें पहिल्या बोलण्यापासून पांच दिवसांत कर्जाची लेखी हकीकत कर्जदाराकडे पाठविलीच पाहिजे. कागद पाहिल्यावांचून पैसे न देण्याची संवय असती तर त्यांतील कितीतरी जण वांचले असते.

कागद मागण्याचा हा हक्क आमच्या मुलखांत तर त्याहूनहि जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध जो उठाव केला व जो पुढें पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरला, त्यांत लोकांचा मुख्य हेतु कर्जरोखे हस्तगत करून ते जाळण्याचा होता. कारण उघड होतें: वही सावकाराच्या घरीं, रोखा सावकाराच्या पेटींत, आणि शेतकऱ्याच्या हातीं कांहींच नाहीं. नंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके तेव्हां सातारा जिल्ह्यांतच मोडत असल्यामुळें आजच्या सांगलीकरांच्या पणजोबांसहि त्याचा लाभ झाला. पैसे भरल्याबरोबर लेखी पावती मिळावी, दरसाल हिशेबाचा उतारा मागतां यावा, आणि हवें असल्यास पासबुकांत सर्व नोंद करून मिळावी, असे हक्क त्या कायद्यानें शेतकऱ्यास दिले. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकणेंहि बंद केलें. तो कायदा पुढें गेला, त्याची जागा दुसऱ्या कायद्यांनीं घेतली; पण पावतीवांचून पैसा हातचा सोडूं नये ही जी समजूत त्यानें दोन पिढ्यांना शिकविली, ती आज फोन हातीं येतांच आपण कां विसरावी हें आम्हांस कळत नाहीं.

आतां खरी वसुली कशी होते तें पाहूं. सोसायटीचें पीककर्ज आमच्याकडे बहुधा उसाच्या बिलांतूनच परस्पर कापलें जातें आणि उरलेली रक्कम खात्यावर पडते. तरीहि थकबाकी राहिली तर आधीं सचिवाची मागणी, मग लेखी नोटीस, आणि त्यानंतर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालीं निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठीं अर्ज, असा क्रम असतो. दाखला मिळण्यापूर्वीं कर्जदारास म्हणणें मांडण्याची संधि असते. दाखला मिळाल्यावरच वसुली अधिकारी जप्तीकडे वळूं शकतो. या साऱ्यास महिने लागतात. सायंकाळच्या पांच वाजेपर्यंत यांतील कांहींहि घडत नाहीं. कोर्टाची पायरी न चढतां तारण मालमत्ता ताब्यांत घेण्याचा जो अधिकार बँकांस २००२ च्या कायद्यानें मिळाला, त्यांतून शेतजमीन वगळलेली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानें शेतकऱ्याचीं औतें, तसेंच निर्वाहास अवश्य तेवढीं जनावरें व बियाणें जप्तींतून मुक्त ठेवलीं आहेत. कर्ज थकणें ही दिवाणी बाब आहे. तेवढ्यासाठीं पोलीस येऊन कोणास उचलून नेत नाहींत. न वटलेल्या चेकचा खटला ही गोष्ट वेगळी, पण तेथेंहि आधीं लेखी नोटीस द्यावीच लागते.

बँकांच्या वसुली एजंटांसंबंधीं रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. त्यांची माहिती बँकेनें कर्जदारास कळवावयाची असते, व एजंटाजवळ बँकेचें अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावें लागतें. सकाळीं ८ च्या आधीं व सायंकाळीं ७ नंतर वसुलीसाठीं फोन करूं नये असें २०२२ सालीं बजाविलें आहे. बायकांच्या गटांना मिळणाऱ्या सूक्ष्म कर्जांस तर सकाळीं ९ ते सायंकाळीं ६ एवढीच वेळ आहे. २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांच्या कामाच्या फोनांकरितां १६०० नें सुरू होणारे क्रमांक राखून ठेवण्यांत आले आहेत. लहान संस्थांचे फोन साध्या क्रमांकांवरून येऊं शकतात, म्हणून केवळ क्रमांकावरून कोणास चोर ठरवूं नये.

फोन आला असतां वाद घालूं नये, शिवीगाळहि करूं नये. "बरें आहे, उद्यां सकाळीं मी स्वतः शाखेंत येऊन भरतों" एवढें एकच वाक्य बोलून पाहावें. खऱ्या वसुलीवाल्यास तेंच हवें असतें. ठगास मात्र तें ऐकतांच राग येतो: शाखा आज बंद आहे, वसुली आतां मुंबईहून चालते, उद्यां फार उशीर होईल, अशा सबबी निघूं लागतात. मग फोन खालीं ठेवावा आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर, किंवा त्याहून उत्तम म्हणजे सोसायटीच्या कचेरींत समक्ष जाऊन विचारावें. बोलणारानेंच दिलेल्या क्रमांकावर चौकशी करणें म्हणजे चोरालाच पत्ता विचारण्यासारखें आहे. "नोटीस" म्हणून व्हॉट्सॲपवर एखादी फाईल आली व ती ॲपासारखी फोनमध्यें बसवून घ्या असें सांगितलें, तर तिला बोटहि लावूं नये. ओ.टी.पी. व पिन कोणालाहि सांगूं नये. पैसे आपल्याकडे येण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. "आज रात्रीं निम्मे भरा, बाकीचें माफ" हा तर ठगाचा आवडता मोह. एकरकमी तडजोड खरोखर होते, परंतु ती बँकेच्या शिक्क्याच्या पत्रानें होते. आपल्या नांवावर नकळत कोणी कर्ज उचललें काय, अशी शंका असल्यास प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल फुकट मागतां येतो.

पैसे गेलेच तर लाज बाळगून रात्र घालवूं नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें व आपल्या बँकेसहि सांगावें. रक्कम चोराच्या खात्यांतून पुढें सरकण्यापूर्वीं कळलें तर ती गोठवितां येण्याचा संभव असतो, आणि तो तासातासानें कमी होतो. आलेले संदेश व क्रमांक पुसून टाकूं नयेत. तोतयेगिरी करून फसविणें हा भारतीय न्याय संहितेच्या ३१९ व्या कलमाखालीं गुन्हा आहे, तेव्हां जवळच्या ठाण्यांत तक्रार द्यावयास कचरूं नये. कर्ज खरें असतांना पैसे ठगास दिले तर फटका दुहेरी बसतो: गांठचे पैसे जातात, कर्ज जसेंच्या तसें राहतें, आणि मुदत टळली तर पीककर्जावरील व्याजाची सवलतहि जाते.

येथपर्यंत आम्ही कर्जदारांस सांगितलें. आतां दोन शब्द कर्ज देणारांस. ठगाचा आवाज लोकांना खरा वाटतो याचें एक कारण असें कीं, कित्येक खरे वसुलीवालेहि त्याच आवाजांत बोलतात. रात्रीं-अपरात्रीं फोन, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोभाटा, "बघून घेतों" ही भाषा. ही ज्यानें खऱ्या एजंटाकडून ऐकली, त्यानें खोट्यास ओळखावें तरी कसें? ज्या संस्था आपले एजंट सभ्यपणें बोलतील व अधिकारपत्र दाखवितील अशी व्यवस्था ठेवीत नाहींत, त्या आपल्याच कर्जदारांस चोरांच्या हवालीं करीत आहेत असें म्हणणें आम्हांस भाग आहे. सोसायट्यांकडेहि दोष आहे. पासबुक भरून मागणाऱ्या सभासदास "पुढच्या आठवड्यांत या" असें सांगणारे सचिव अजून पुष्कळ आहेत.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वीं भरावयाच्या असतात. या वेळीं प्रत्येक सभेपुढें पुढील आशयाचा ठराव यावा अशी आमची सूचना आहे: ही संस्था वसुलीचे पैसे फोनवरून कोणत्याहि क्रमांकावर मागणार नाहीं, वसुलीसाठीं नेमलेल्या मनुष्याचें नांव कचेरीच्या फळ्यावर लिहिलेलें राहील, सभासदाचें पासबुक मागतांक्षणीं भरून मिळेल, आणि असा फोन आलेला सभासद किंवा जामीनदार कचेरींत आला तर त्याची थकबाकी चारचौघांत न वाचतां त्यास एकट्यास दाखविली जाईल. शेवटचें कलम कित्येकांस क्षुल्लक वाटेल, पण आमच्या मतें तेंच सर्वांत निकडीचें आहे. सभासद कचेरीची पायरी चढेल कीं नाहीं तें त्यावरच अवलंबून आहे. ठरावाचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. सचिवांनीं मागविल्यास तो पाठवूं.