आधी मूल्य, मग यंत्र : अहिल्यानगर जिल्ह्यातून जाहीरनामा

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले शेतकरी, दूध उत्पादक, ऊसतोड मजूर, बचत गटांतल्या महिला आणि विद्यार्थी आज एका चळवळीची सुरुवात जाहीर करीत आहोत.

कृत्रिम बुद्धिमत्ता बांधावर येऊन पोहोचली आहे. राज्य सरकारने 2025 मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शेतीसाठी ड्रोनवर काम चालते. या यंत्रांना आमचा विरोध नाही. पाठीवर पंप घेऊन विषारी फवारणी केलेल्या माणसाला त्यांचे मोल ठाऊक आहे. पण यंत्राने चांगले कशाला म्हणायचे, हे ठरवणार कोण?

फक्त उत्पादन वाढवायला शिकवलेले यंत्र उसाला पाणी सोडायला सांगेल. शेजारची विहीर आटली तरी त्याला फिकीर नसेल. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअरवेलला बंदी घातली, जास्त पाणी पिणारी पिके टाळली. बोअरचे तंत्र हाताशी होते. त्याची मर्यादा गावाने ठरवली. यंत्रबुद्धीलाही हाच नियम लागू व्हावा.

आमच्या मागण्या :

1. सरकारी पैशातून गावात येणाऱ्या यंत्राचा हेतू खरेदीआधी ग्रामसभेत मांडावा आणि ज्यांच्या कामावर परिणाम होणार आहे त्यांचे आधी ऐकावे.

2. कर्ज, पीकविमा किंवा दुधाचा भाव यंत्राने ठरवला, तर त्याचे कारण मराठीत मिळावे आणि माणसाकडे दाद मागता यावी. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्यात 2002 मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला. त्या हक्कातून यंत्राचा निर्णय सुटता कामा नये.

3. वारा फिरला, औषध शेजारच्या डाळिंबाच्या फुलांवरच्या मधमाश्यांकडे जाऊ लागले, तर ड्रोन चालवणाऱ्या ताईला एका बटणावर फवारणी थांबवता यावी. थांबवले म्हणून तिची मजुरी कापू नये.

4. शेताची माहिती शेतकऱ्याच्या मालकीची राहावी. प्रवरेच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभारला. माहितीचीही सहकारी संस्था उभी करू.

5. ऊसतोडणी यंत्र फडात उतरले की पाथर्डी-शेवगावच्या कोयत्याचे काम जाते. ते यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण आणि नोकरी यांवर पहिला हक्क ऊसतोड कुटुंबांतल्या मुलामुलींचा असावा.

यंत्र बनवणाऱ्या अभियंत्यांना आमचे आवाहन आहे : आराखडा काढण्याआधी गावात या, फडात या, दूध संकलन केंद्रावर पहाटे उभे राहा. माणसांची प्रतिष्ठा, पाण्याची वाटणी आणि कष्टाचा मोबदला यांची मोजमापे पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरा. यंत्र तयार झाल्यावर ती वरून चिकटवता येत नाहीत.

आम्हीही आमचा वाटा उचलू. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या पाच मागण्यांचा ठराव मांडू, वापरात असलेल्या यंत्रांची नोंदवही ठेवू आणि दर ग्रामसभेत तिचे वाचन करू. आपल्या गावाचा ठराव लिहायला घ्या आणि या चळवळीत सामील व्हा.