ज्यांनी जपलं, त्यांना आधी अभय द्या

माननीय महासंचालक,
बीबीसी, लंडन



१६ जून १९६६ या दिवशी बीटल्स आपल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ ही दोन गाणी घेऊन आले होते. चौघांनीही जातीने स्टुडिओत येऊन या कार्यक्रमात भाग घेतला, असं एवढं एकदाच घडलं. त्या भागाची प्रत आपल्या संग्रहात नाही. २०१९ साली त्यातले अवघे ११ सेकंद हाती लागले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. कुणीतरी घरातला ८ मिलिमीटरचा सिने कॅमेरा टीव्हीच्या पडद्यासमोर धरून ते टिपले होते. चित्र धूसर, आवाज मुळीच नाही. बातमी वाचून आणखी एक जरा लांब फीत पुढे आली, तीही अशीच घरगुती आणि मुकी.

१९६६ च्या त्या कार्यक्रमानंतर तीनच महिन्यांनी बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि पंडित रविशंकरांकडे सतारीचे धडे घेऊ लागला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला. आमच्या मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केलं. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचं संगीत त्यातलंच. ते आजही स्वच्छ ऐकू येतं, कारण ध्वनिमुद्रण ही मिळकत आहे, हे रेकॉर्ड कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. टीव्हीवर जे दाखवलं जातं तीही मिळकतच आहे, हे मात्र आपल्या संस्थेला बऱ्याच उशिरा उमगलं.

मुंबईतल्या माणसाने या पंचाईतीत का पडावं, असं आपल्याला वाटेल. एक तर ही गाणी आमचीही आहेत. दुसरं, आमचे पु. ल. देशपांडे दिल्लीत दूरदर्शनच्या उभारणीत उतरले, त्याआधी टेलिव्हिजनचं शिक्षण त्यांनी बीबीसीतच घेतलं होतं. आपल्या संस्थेविषयी आमच्या घराघरांत जो आदर आहे, तो असा जुना आहे. आणि तिसरं कारण माझ्या छंदाचं. मी जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांपैकी आहे. लाखेच्या तबकड्यांवरचं नाट्यसंगीत, जुन्या गायक-गायिकांच्या तीन-तीन मिनिटांच्या चिजा आज ऐकायला मिळतात, त्या बव्हंशी चोरबाजारात आणि रद्दीच्या दुकानांत धूळ खात हिंडणाऱ्या वेड्यांमुळे. मुंबईत १९९० साली अशा मंडळींनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्थाही काढली. त्यामुळे संग्राहक नावाची जात मला आतून माहीत आहे. हे पत्र मी त्यांच्या वतीने लिहितो आहे.

घडलं काय, ते आपल्याच संस्थेतल्या लोकांनी तपासून ठेवलं आहे. ‘टॉप ऑफ द पॉप्स’चा पहिला भाग १ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टरच्या डिकन्सन रोडवरून प्रसारित झाला. स्टुडिओ म्हणजे एके काळचं प्रार्थनामंदिर. रोलिंग स्टोन्स आणि डस्टी स्प्रिंगफील्ड त्या पहिल्याच दिवशी होते. तो भाग गेला. त्या दशकातले बाकीचे बहुतेक भागही गेले. संपूर्ण अवस्थेत उरले ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. दोन इंच रुंदीची ती टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. कलावंतांच्या आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांनुसार कार्यक्रम ठरावीक मुदतीत ठरावीक वेळाच पुन्हा दाखवता येई. या संघटनांना मी दोष देणार नाही. जुनंच पुन:पुन्हा दाखवलं तर नव्या कामाला आपल्याला कोण बोलावणार, ही वादकाची धास्ती पोटाची होती. पुढे १९६७ मध्ये बीबीसी टूवर आणि १९६९ मध्ये बीबीसी वनवर रंग आले आणि कृष्णधवल टेपांना कुणी वाली उरला नाही. १९७८ मध्ये सू माल्डन यांच्याकडे काय ठेवायचं, याची निवड करण्याचं काम आलं, तेव्हा कुठे ही पुसापुशी आवरली.

हे सारं समजून घेता येतं. एक गोष्ट मात्र कितीही समजून घेतली तरी मनाला लागते. ती बॉब डिलनची.

१९६२ सालचा डिसेंबर. दिग्दर्शक फिलिप सॅव्हिल यांनी न्यूयॉर्कमध्ये या पोराला गाताना ऐकलं होतं. ‘मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट’ या इव्हान जोन्स यांच्या नाटकासाठी त्यांनी त्याला लंडनला बोलावून घेतलं. डिलन २१ वर्षांचा होता, इंग्लंडमध्ये त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. बाहेर त्या शतकातल्या कडाक्याच्या हिवाळ्यांपैकी एक सुरू झालेला. तालमी लागल्या आणि लक्षात आलं की हा संवाद म्हणणारा गडी नव्हे. सॅव्हिल यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने डिलनला परतीचं तिकीट हातात दिलं असतं. त्यांनी भूमिकाच दोघांत वाटली. बोलण्याचा भाग डेव्हिड वॉर्नर या तरुण नटाकडे गेला आणि डिलनकडे गिटार आणि गाणी राहिली. १३ जानेवारी १९६३ च्या रविवारी रात्री नाटक प्रसारित झालं. ‘ब्लोइंग इन द विंड’ त्याने त्यात गायलं, तेव्हा त्याच्या स्वतःच्या आवाजातली त्या गाण्याची तबकडीही बाजारात आलेली नव्हती. एका मोठ्या कवी-गायकाला जग ओळखू लागण्याच्या आधीचा तो क्षण होता, आणि तो आपल्या कॅमेऱ्याने टिपला होता.

१९६८ मध्ये ती प्रत नष्ट करण्यात आली. एव्हाना त्याची तबकडी निघालेली नाही असं वर्ष जात नव्हतं, जगभर त्याचा डंका होता. तरीही नष्ट करायच्या यादीत नाव आलं आणि प्रत गेली. आज त्या रात्रीचं जे ऐकायला मिळतं, ते काही रसिकांनी टीव्हीसमोर घरचा टेपरेकॉर्डर ठेवून टिपलेले तुकडे आहेत. त्या नाटकात वॉर्नर कसे दिसले, आपले शब्द दुसरा बोलत असताना डिलन त्यांच्याकडे कसा पाहत होता, हे आता कुणालाच पाहता येणार नाही. मला त्याची फार हळहळ वाटते.

२० जुलै १९६९ च्या रात्री माणूस चंद्रावर उतरत असताना पिंक फ्लॉइडने आपल्या स्टुडिओत बसून उत्स्फूर्त वादन केलं. त्याचाही आवाज तेवढा उरला. त्याच बँडचं १९६७ मधलं ‘सी एमिली प्ले’, सिड बॅरेट अजून त्यांच्यात असतानाचं, एका खराब झालेल्या घरगुती टेपवरून जमेल तेवढं परत मिळवून २०१० मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लोकांना दाखवलं. चित्र फाटतं, मध्येच नाहीसं होतं, आणि तरीही लोक श्वास रोखून पाहतात.

आता परदेशात काय झालं पाहा. जर्मनीतल्या रेडिओ ब्रेमेनने सप्टेंबर १९६५ मध्ये ‘बीट-क्लब’ हा कार्यक्रम सुरू केला. मार्च १९६७ मध्ये त्यांची मंडळी लंडनला येऊन मार्की क्लबमध्ये जिमी हेंड्रिक्स आणि द हू यांचं चित्रण करून गेली. ते आज पाहता येतं. लंडनमधलं वादन, आणि ते पाहायला मिळतं ब्रेमेनच्या कृपेने! तेव्हा त्या काळात टेपा राखणं कुणालाच शक्य नव्हतं, असं कृपा करून म्हणू नये.

आपल्याकडचं जे वाचलं, त्याचा माग काढत गेलं की दर वेळी एखादा एकटा माणूस भेटतो. जानेवारी १९७३ मध्ये डेव्हिड बोवीने ‘द जीन जिनी’ गायलं, तेव्हा कॅमेऱ्यामागे जॉन हेनशॉल होते. त्यांनी स्वतः तयार केलेली एक फिशआय लेन्स त्या चित्रीकरणात वापरली होती. स्वतःच्या कामाचा नमुना जवळ असावा, म्हणून त्यांनी त्या गाण्याची एक प्रत मागून घेतली. बीबीसीची प्रत पुसली गेली, हेनशॉल यांची घरी राहिली. स्वतःखेरीज ती कुणाकडेच नाही, हे त्यांना जवळजवळ चार दशकांनी, २०११ मध्ये कळलं. मग ती आपल्याच वाहिनीवर दाखवली गेली. इतर काही फिती परदेशी विकलेल्या प्रतींतून, कचऱ्यात टाकलेल्या डब्यांतून, जुन्या बाजारातून कुणा ना कुणाच्या माळ्यावर पोचल्या. वापर संपल्यावर प्रत परत करावी किंवा नष्ट करावी, असा दंडक होता. तो तंतोतंत पाळला गेला असता तर आज शोधायलाही काही उरलं नसतं.

आणि नेमकी हीच माणसं आज पुढे यायला कचरतात. त्यांची भीती पोकळ नाही. बॉब मंकहाउस यांच्यासारख्या घराघरांत माहीत असलेल्या विनोदी कलावंताला स्वतःच्या फिल्म-संग्रहापायी १९७९ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात आरोपी म्हणून उभं राहावं लागलं. ते निर्दोष सुटले. पण संग्राहकांच्या त्या पिढीने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला आणि कपाटांना कुलपं लावली. पुढे मंकहाउस यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच संग्रहातून टीव्हीचे हरवलेले कार्यक्रम मिळाले, हेही आपल्याला ठाऊक असेलच.

ही माणसं आता वयाने ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्याकडच्या फिल्मही म्हाताऱ्या होत आहेत. ॲसिटेटच्या फिल्मचा डबा उघडला आणि नाकात व्हिनेगरचा आंबूस वास शिरला की समजावं, आतून कुजायला सुरुवात झाली. फिल्म आकसते, कडेने वळते, प्रोजेक्टरच्या दात्यांत बसेनाशी होते. तिची वाफ शेजारच्या डब्यांनाही बाधते. हे किती झालं आहे ते तपासायला डब्यात निळ्या कागदाची छोटी पट्टी ठेवतात. ती हिरवी झाली तर अजून थोडा अवकाश आहे, पिवळी झाली तर लगेच उचलावं लागतं. या पट्ट्या स्वस्त असतात, पण घराच्या माळ्यावर त्या ठेवणार कोण? संग्राहक वारला की घर रिकामं करणाऱ्यांना ते गंजके डबे म्हणजे भंगार वाटतं. आमच्याकडे तबकड्यांचं असंच होतं. मालकाच्या तेराव्यानंतर महिन्याभरात सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसतं.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून ‘मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड’ हा उपक्रम चालवते आहे. ‘कॅलिडोस्कोप’ ही संस्था गावोगावचे संग्रह धुंडाळते. लेस्टरमध्ये फिल्म-संग्राहकांनी विद्यापीठाच्या साथीने या वृद्ध मंडळींचे साठे सांभाळायला घेतले आहेत. ही सगळी माणसं मोठ्या निष्ठेने खपतात. पण त्यांना एक गोष्ट देता येत नाही, ती फक्त आपल्या हातात आहे. हरवलेलं काही आणून दिलं तर स्वागतच आहे, असं आपल्याकडून सांगितलं जातं. स्वागत आणि अभय यांत फार अंतर आहे, महोदय. ज्याने चाळीस वर्षं कपाटाची किल्ली उशाशी ठेवली, तो स्वागताच्या शब्दावर दार उघडणार नाही. त्याला कागद हवा.

तो कागद आपल्या सहीने निघावा. १९७८ पूर्वीच्या कुठल्याही कार्यक्रमाची फिल्म, टेप किंवा घरगुती ध्वनिमुद्रण ज्याच्याकडे असेल, त्याच्यावर बीबीसी दिवाणी किंवा फौजदारी कोणतीही कारवाई करणार नाही, ती वस्तू त्याच्याकडे कशी आली हे विचारणार नाही, आणि प्रत काढून झाली की मूळ वस्तू त्याला परत करील, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं. संग्राहकाला पैशापेक्षा ती वस्तू प्यारी असते. ती सरकारजमा होईल, या भीतीनेच तो गप्प बसतो. ज्याला नाव गुप्त ठेवायचं आहे, त्याचं गुप्त राहू द्यावं. ज्याला श्रेय हवं, त्याचं नाव कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर झळकू द्यावं. ने-आण आणि स्वच्छता यांचा खर्च आपण सोसावा, कारण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला तो झेपणारा नाही. आणि जाहिरात आपल्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात टाकून भागणार नाही. ती रेडिओवर, ज्येष्ठ मंडळी ऐकतात त्या वेळी, पुन:पुन्हा लागावी.

एवढंच अभय परदेशातल्या टीव्ही केंद्रांनाही द्यावं. आपल्या मालिकांच्या १६ मिलिमीटरच्या प्रती जगभर विकल्या गेल्या. नायजेरियातल्या जोस शहराच्या टीव्ही केंद्रात ‘डॉक्टर हू’चे हरवलेले नऊ भाग मिळाले आणि २०१३ मध्ये जगाला कळलं. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा दर गुरुवारचा लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम मात्र परदेशी फारसा विकला जात नसे, म्हणून गाण्यांच्या बाबतीत माझी भिस्त परदेशापेक्षा आपल्याच देशातल्या माळ्यांवर आणि निवृत्त तंत्रज्ञांवर अधिक आहे. त्या काळात आपल्याकडे कॅमेरा, ध्वनी आणि टेप या खात्यांत काम केलेल्यांची निवृत्तिवेतनाची यादी आपल्याजवळ आहे. प्रत्येकाला एक पत्र जायला काय हरकत आहे? हेनशॉल यांना आधी कुणी विचारलं असतं, तर बोवीचं ते गाणं कितीतरी आधी परत आलं असतं.

संगीतकारांच्या संघटनेशीही यासंबंधी बोलणं लागेल. सापडलेलं गाणं पुन्हा दाखवताना वादकांना किंवा त्यांच्या वारसांना मानधन मिळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पाठीमागच्या रांगेतल्या वादकांची नावंही बहुधा कुठे लागलेली नाहीत.

या पत्राला उत्तर मला नको. ते उत्तर त्या संग्राहकांना मिळावं, जाहीरपणे, आणि मूळ वस्तू परत देणार की नाही या एका प्रश्नाचं उत्तर त्यात हो किंवा नाही असं असावं.

कळावे.

आपला,
मुंबईचा एक तबकडी-संग्राहक