न वाचलेल्या पुस्तकाला किती तारे?

पूर्वी पुस्तक घ्यायचं म्हटलं की आम्ही पौडहून गाडी पकडून पुण्यात अप्पा बळवंत चौक गाठायचो. दुकानात उभं राहून चार पानं चाळायची, मग पैसे द्यायचे. आता पुस्तक मोबाइलवरून मागवतो. चाळायला पानं मिळतातच असं नाही, म्हणून इतर ग्राहकांनी दिलेले तारे आणि अभिप्राय यांवरच भिस्त.

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्याला मेसेज आला, 'हे पुस्तक आपल्या विरोधात आहे, सगळ्यांनी एकच तारा द्या.' त्यानं लगेच दिलाही. अम्मींनी विचारलं, "वाचलंस का रे?"

"नाही. पण लेखक कोणत्या पक्षाचा आहे, ते ठाऊक आहे."

"मग तारा माणसाला दिलास, पुस्तकाला नाही."

हा प्रकार जगभर चालतो. अमेरिकेत निवडणूक हरलेल्या हिलरी क्लिंटन यांचं 'व्हॉट हॅपन्ड' १२ सप्टेंबर २०१७ला बाजारात आलं. पुस्तक जवळपास ५०० पानांचं, पण एक-दोन दिवसांतच ॲमेझॉनवर शेकडो अभिप्राय जमले. बहुतेक एक ताऱ्याचे, नाहीतर पाच ताऱ्यांचे. त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिथून पुस्तक घेतल्याची नोंदच नव्हती. शेवटी कंपनीनं शेकडो अभिप्राय काढून टाकले.

आपल्या राज्यात ताऱ्यांचा नव्हे, पण याच जातीचा वाद झाला. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला ६ डिसेंबर २०२२ला राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला. लेखकाच्या कथित माओवादी संबंधांवरून समाजमाध्यमांवर टीका झाली आणि १२ डिसेंबरला सरकारनं पुरस्कार रद्द केला. निवड समितीही बरखास्त केली. पुरस्कार अनुवादाचा होता. अनुवाद कसा उतरलाय, हा प्रश्न मात्र बाजूलाच पडला.

दुसऱ्यांनी असं केलं की आपल्याला राग येतो. आपल्या बाजूच्या पुस्तकाला न वाचता पाच तारे देताना मात्र काहीच वाटत नाही. अभिप्राय म्हणजे साक्ष. पाहिलं नाही त्याची साक्ष द्यायची नाही, मग ती कुणाच्याही बाजूची असो. आपल्या एका खोट्या ताऱ्यानं कुठल्यातरी गावातली मुलगी चांगल्या पुस्तकाला मुकते, नाहीतर तिचे पैसे वाया जातात.

आता आमच्या घरी पुस्तक निवडताना आम्ही नुसती सरासरी बघत नाही. दोन, तीन, चार ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचतो. त्यात एखाद्या प्रकरणाचा, भाषेचा, छपाईचा उल्लेख असतो. म्हणजे माणसानं पुस्तक उघडलेलं असतं. विकत घेतल्याची नोंद आहे का, तेही पाहतो. प्रकाशनाच्या दिवशीच आलेल्या ढीगभर ताऱ्यांकडे लक्ष देत नाही.

धाकट्यानं आपला तारा काढून टाकला आणि तेच पुस्तक मागवलं. सध्या वाचतोय. संपल्यावर कदाचित पुन्हा एकच तारा देईल. तेव्हा तो त्याचा हक्क असेल.